शून्य येईपर्यंत

३ मार्च, सोमवार

नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. आईच्या मते रोजनिशी लिहिणारी माणसं एक तर फार मोठी होतात, नाहीतर मुळातच रिकामटेकडी असतात. मी कुठल्यातला, हे म्हणे वर्षअखेर कळेल. तिला वाचता येणार नाही, म्हणून मी बिनधास्त लिहितोय. पाच वर्षांपूर्वी तिची नजर गेली. बोटांनी वाचायला शिक म्हटलं, तर या वयात पुन्हा बाराखडी गिरवणार नाही म्हणाली आणि विषय संपवला.

घर झकास आहे. तिसरा मजला, तीन खोल्या, भरपूर वारा. आईने सकाळभर भिंतींना हात लावत घर पाठ केलं. दारापासून तिची खाट अकरा पावलं, खाटेपासून स्वयंपाकघर सात. स्वयंपाकघराची खिडकी मोठी आहे, पण तिचा कट्टा जेमतेम गुडघ्याएवढा आणि गज नाहीत. घरमालकाला गज बसवायला सांगितलं. बघू म्हणाला, म्हणजे झालंच.

आईचा आणि माझा सगळा कारभार आवाजावर चालतो. जिन्यावर माझी चप्पल कशी वाजते त्यावरून मी दमलोय की खुशीत आहे ते तिला कळतं. दारात ‘आई, आलो गं’ म्हणायचं, हा नियम. एकदा विसरलो तर तिने लाटणं फेकून मारलं होतं. नेम अचूक होता.

५ मार्च, बुधवार

काम समजलं. इथे सिंथेसायझरवर वाजवायचे तयार आवाज बनतात. वाजवणारा कळ दाबतो आणि टाळ्या घेतो. तो आवाज ज्याने दोन-दोन महिने घासूनपुसून घडवला त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. मी आठ वर्षं हेच केलं.

मालकीणबाई साठीच्या, बोलायला मऊ. त्यांचे यजमान मागच्या खोलीत वाद्यं दुरुस्त करतात. सगळे त्यांना काका म्हणतात. काका मुके आहेत. ओठ हलतात, पण आवाज नाही. चिठ्ठ्या लिहून बोलतात. मला पहिली चिठ्ठी मिळाली ती अशी: ‘खुर्ची दुसरी घे.’ खुर्ची चांगली आहे, जरा करकरते एवढंच. म्हाताऱ्यांचं दुसऱ्याच्या खुर्चीवर फार लक्ष असतं.

मालकीणबाईंच्या वडिलांनी एके काळी एक लीड, म्हणजे मुख्य सूर वाजवणारा, आवाज बनवला होता. ते वाद्य जळालं. अकरा सेकंदांची टेप तेवढी उरली. आज ती ऐकवली. आवाज कसला, अंगावर धावून येणारं कुत्रं! एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतो तेव्हा दाताच्या मुळाशी झिणझिणतं. तो हुबेहूब पुन्हा घडवायचा. जमला तर त्यावर घडवणाऱ्याचं नाव लागेल. माझं नाव! हे त्यांनी दोनदा सांगितलं, मी तीनदा विचारलं.

८ मार्च, शनिवार

सांगाडा उभा राहिला. तीन करवती, म्हणजे दातेरी लहरी, एकमेकींपासून किंचित बेसूर ठेवलेल्या. फिल्टरचं तोंड अर्धवट उघडं. वरून आवाज फाडणारं इतकं डिस्टॉर्शन, की स्पीकरने हात जोडावेत. कुणीही ऐकेल तर म्हणेल, झालं की, तोच आवाज. पण मालकीणबाईंना ‘तोच’ चालत नाही, त्यांना शून्य हवं.

शून्य म्हणजे असं: टेपवरच्या आवाजाची लहर उलटी करायची, चढाच्या जागी उतार, आणि माझ्या आवाजाबरोबर एकाच वेळी वाजवायची. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि शांतता होते. जिथे फरक असेल तेवढंच ऐकू येतं. ते जे उरतं, तेच घडवून आपल्या आवाजात मिसळायचं, की फरक तेवढा कमी. कामाची ही पद्धत जुनी आहे, त्यात जादू काही नाही.

आज उरलं त्यात खुर्ची करकरल्यासारखं काहीतरी होतं. टेप बनवणाराही असल्याच खुर्चीवर बसला असणार. मला हसू आलं. थोडा खरखराट घेऊन तो करकरता तुकडा घडवला आणि मिसळला.

१० मार्च, सोमवार

खुर्ची आता करकरत नाही. काकांनी तेल घातलं असेल. आभार मानले तर ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हातोडी घेऊन टेबलावर दोनदा ठोकली, इतक्या जोरात की मी दचकलो, आणि मान हलवत निघून गेले. माणूस विक्षिप्त आहे. बायको मात्र त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

१३ मार्च, गुरुवार

आज उरलं त्यात चप्पल वाजत होती. फट्, फट्, आणि उजव्या पायाची किंचित ओढत. जिन्यावर माझी वाजते तशी. कितीतरी माणसं अशी चालत असतील. दीड तासात घडवली, मिसळली. फरक निम्म्यावर आला. मालकीणबाई म्हणाल्या, एवढ्या जवळ आजवर एकच जण पोचला होता. कोण ते सांगितलं नाही. मी मनातल्या मनात त्याला मागे टाकून मोकळा झालो.

घरी गेलो तर आई ओरडलीच. म्हणे, चोरासारखा काय येतोस, जिन्यावर पाय वाजले नाहीत तुझे! मी म्हटलं, कान तपासून घेऊ तुझे. हे बोलायला नको होतं. ती जेवली नाही.

१४ मार्च, शुक्रवार

चप्पल मुद्दाम आपटून बघितली. दगडी पायरीवर. लोखंडी जिन्यावर. काही नाही. अनवाणी उड्या मारल्या. काही नाही.

काकांची चिठ्ठी, या वेळी दोन्ही बाजूंनी भरलेली: ‘मी मुका नव्हतो. माझीही आधी खुर्ची गेली, मग चप्पल, मग खोकला, मग बोलणं. मग थांबलो. म्हणून ठोकलं तर अजून वाजतं. उरलं त्यात जे ऐकू येईल ते तुझं असेल. मिसळलंस की गेलं. परत येत नाही. आईला घेऊन जा.’

वर जाऊन दार लावून बसलो. मग वाटलं, म्हाताऱ्याला माझं काम बघवत नसेल.

१७ मार्च, सोमवार

मालकीणबाईंना सरळ विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, खरं आहे. नवरा गप्प बसावा म्हणून बायका काय काय करतात, मला ते आयतं मिळालं. तीस वर्षं तेच तेच ऐकून कान किटले होते. पण भित्रा निघाला, ऐन शेवटाला हात झटकले. तुम्हीही झटकणार असाल तर आत्ताच सांगा, दुसरा माणूस तयार आहे. तुम्ही केलं तेवढं त्याला देईन. नावही मग त्याचंच.

मी सोडतो म्हणालो नाही. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय.

१९ मार्च, बुधवार

आज उरला तो माझा खोकला. खोकल्याचं काय एवढं, म्हणून मिसळला. त्यानंतर श्वास. तोही.

घरी आईच्या शेजारी पाच मिनिटं बसलो होतो. ती शून्यात बघत स्वतःशीच पुटपुटत होती, अजून कसा आला नाही हा. माझा हात तिच्या हातापासून वीतभर लांब होता. मग मी ‘आई, आलो गं’ म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून मला रडू आलं. माझा चेहरा चाचपत म्हणाली, बाळा, दारातून बोलत येत जा रे. तुझा आवाज आहे तोवर मला घर दिसतं.

सोडतो. उद्या सांगतो.

२० मार्च, गुरुवार

सांगायला गेलो. त्याआधी एकदाच, शेवटचं, किती फरक राहिलाय ते बघितलं.

उरलं होतं ते स्पष्ट होतं. ‘आई, आलो गं.’ माझा आवाज, माझाच हेल. त्याच्यामागे काहीतरी बारीक, आणि मग शांतता. इतकं जवळ.

सांगितलं नाही.

२२ मार्च, शनिवार

तोड सापडली. आमच्या धंद्यात कुणी मूळ प्रत ठेवल्याशिवाय कात्री चालवत नाही; मीच कसा विसरलो! छोट्या की-बोर्डवर, एकेका कळीवर, माझा आवाज भरून ठेवला. ‘आई, आलो गं.’ ‘हो.’ ‘नाही.’ ‘जेवलीस का?’ ‘मी इथेच आहे.’ एकूण चोवीस वाक्यं. वाजवून बघितली, खणखणीत. बोलणं गेलं तरी कळा आहेत. आईला म्हणेन, घसा बसलाय. काकांना हे सुचलं नव्हतं.

आई विचारत होती, खोलीत बसून एकटाच काय बडबडतोस. मी तिला जेवलीस का विचारलं. तोंडाने.

२४ मार्च, सोमवार, दुपारचे दोन

मिसळला.

मागे एक बारीक टकटक उरली होती, दारावर बोट वाजवावं तशी. तीही घातली. एवढ्याशासाठी कोण थांबतं.

दोन्ही एकत्र वाजवले. शून्य. अकरा सेकंद संपूर्ण शांतता. मी आनंदाने ओरडलो. तोंड उघडं, घसा ताणलेला, आणि खोलीत काही नाही. टाळी वाजवली, नाही वाजली. कप फेकला. फुटला, तुकडे झाले, आवाज नाही.

दुपारचे तीन

मालकीणबाईंनी ऐकलं. मान डोलावली. मग म्हणाल्या, अहो, सांगायचं राहिलंच. सकाळीच गिऱ्हाइकाचा फोन होता. असलं अंगावर येणारं आता कुणाला नकोय. बासरीसारखं काहीतरी मऊ हवंय. हे राहू द्या कपाटात, पुढेमागे बघू.

नावाचं चिठ्ठीवर लिहून विचारलं. त्या म्हणाल्या, जे विकलंच जाणार नाही त्यावर नाव कसलं लावायचं.

जिन्यात काका भेटले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. मी घरी निघालोय. की-बोर्ड काखेत आहे.

पावणेचार

दार उघडून आत आलो. आई खाटेवर होती, मान दाराकडे. दार वाजलं नाही तरी वारा लागला असेल तिला. कोण आहे, म्हणाली. मी पहिली कळ दाबली. ‘आई, आलो गं.’

तो आवाज आला. तो. टेपवरचा. घरभर. भांडी थरथरली.

दुसरी कळ. तोच. तिसरी. चोवीसही कळा — तोच, तोच — आणि आई कानांवर हात दाबून किंचाळतेय, आणि मी मूर्खासारखा दाबत राहिलो, एखादी तरी —

मग तिचा हात धरला. पायरव नाही, श्वास नाही, आणि एकदम हात. तिने चावा घेतला. सुटली. सात पावलं. स्वयंपाकघराचं दार लावून आतून कडी घातली.

चार

दार ठोकतोय. वाजत नाही. तिला कळतच नाही की कुणी ठोकतंय.

शेजारी कुलूप. खाली कुलूप. फोनवर कुणाशी बोलू, कशाने बोलू. खांदा मारून मारून बधिर झाला, दार जुन्या लाकडाचं आहे, हलत नाही. लिहितोय कारण दुसरं तोंड उरलं नाही. पेनही कागदावर वाजत नाही.

सगळं मला ऐकू येतं. तेवढं ठेवलंय.

चार वाजून दहा

फोन हातात थरथरला. कामाच्या सवयीने तो मुकाच असतो. कमरेला खोचलेल्या तिच्या फोनवरून आई. दाराच्या पलीकडून आणि फोनमधून एकदमच ऐकू आली. बाळा, लवकर ये रे, घरात कुणीतरी शिरलंय. बोलत नाही. माणूस नाहीये ते. बोल ना. ऐकतोयस ना? बोल ना रे!

बोलतोय आई. बोलतोय

चार वाजून —

दोन फुटांवर आहे मी. मध्ये फळी.

खिडकीची कडी काढली तिने. वाऱ्याने पडदा वाजतोय. की-बोर्ड आहे जवळ — नाही, तो वाजवला तर ती दारापासून लांब पळेल, आणि लांब म्हणजे खिडकी — गज सांगितले होते घरमालकाला, पहिल्याच दिवशी — खांदा पुन्हा — दार जरासं सुटलं — अजून एक —

फोनवर सांगतेय, बोलता येत नसेल तर बोलू नकोस, बाळा, नुसता धावत ये. तुझी चप्पल मी शंभरात ओळखीन. थांब, रस्त्यावर ऐकू येते का बघते, जरा पुढे वाकून —