रिकामा सर्व्हर आणि मढच्या पुढची मासळी

४ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. नियम एकच: या वहीत खोटं लिहायचं नाही.
ऑफिसचं सगळं काम क्लाउडवर गेलं. सर्व्हर आता चार टक्केच चालतो, बाकी वेळ नुसता बसून. श्वेता मॅडम म्हणाल्या, परेश, अठरा तारखेपर्यंत याचा काहीतरी उपयोग दाखव, नाहीतर हा भंगारात आणि तू हेल्पडेस्कला, लोकांचे पासवर्ड बदलायला. आठ वर्षं सर्व्हर रूम सांभाळली मी. लागलं मनाला. बघतोच आता.

५ नोव्हेंबर
झकास आयडिया! बाबांची होडी महिनाभर रिकामी परततेय. मासळी कुठे आहे ते सर्व्हर शोधणार. खारदांड्याच्या कोळीवाड्यात जन्मून हे आधी सुचलं नाही, कारण कामात होतो.

८ नोव्हेंबर
बारा होड्यांच्या नाखव्यांना भेटलो. पापलेट कुठे मिळालं, सगळं लिहून घेतलं. बाबांनीही सांगितलं. आमची माणसं किती मोकळी! बहुतेकांचं एकमत: उत्तरेला, मढच्या पुढे. बाकीचे थोडे इकडेतिकडे. एका पट्ट्याचं नाव मात्र कुणीच घेतलं नाही. तिथे मासळी नसणार.

९ नोव्हेंबर, सकाळी १०
सर्व्हर शंभर टक्के! पंख्यांचा आवाज लिफ्टपर्यंत. अकाउंट्सचा निलेश विचारून गेला, काय शिजतंय. त्याच्या मामांची होडी आमच्याच बंदरात. ताकास तूर लागू दिली नाही.

१२ नोव्हेंबर
सर्व्हर तापून बंद पडला. चूक एसीची.

१५ नोव्हेंबर
उत्तर आलं: उत्तरेला, मढच्या पुढे. विज्ञान ते विज्ञान.

१६ नोव्हेंबर
नकाशा बाबांपुढे ठेवला. अर्धा मिनिट बघून पोट धरून हसले. म्हणाले, येड्या, मासळीची जागा कोण खरी सांगतो? मीपण तुला खोटंच सांगितलेलं. मला! स्वतःच्या पोराला! मग नकाशावरच्या कोऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि जाळी आवरायला गेले.

१७ नोव्हेंबर
होडी भरून पापलेट! आई नाक्यापर्यंत ओरडत आली. सर्व्हर जिंकला. नकाशा कुणी काढला होता? बाबांनी तेवढा दम दिला, जागा तोंडातून निघाली तर घरी येऊ नकोस.

१८ नोव्हेंबर
मीटिंगला तळलेलं पापलेट डब्यातून नेलं. मॅडम खूश. म्हणाल्या, नेमकं कुठे मिळालं ते नकाशावर दाखव, सर्व्हर वाचला समज. समोर निलेश, पेन उघडून.
मी म्हणालो, नाही मिळालं. हे बाजारातलं आहे.

१९ नोव्हेंबर
सर्व्हर टेम्पोत चढवला. मी रडलो नाही, एसी डोळ्यांवर येत होता.
हेल्पडेस्कवर पहिलाच फोन निलेशचा. पासवर्ड विसरला होता. ठेवता ठेवता म्हणाला, खरं सांग ना यार, कुठे मिळालं?
त्याला काहीही सांगेन. पण या वहीत खोटं लिहायचं नाही, म्हणून नोंद करून ठेवतो: उत्तरेला, मढच्या पुढे.