तार उतरते तसा श्वास सोड

बाबा, रात्रभर डोळ्याले डोळा लागला नाही. लेकराची छाती वाजून राह्यली. तुमची वाजे तशीच. आधी शिट्टी, मंग खरखर, अन् मधातच एकदम कायच नाही. ते कायच नाही झालं का माझा जीव अर्धा होते. आता उजाडाले आलं, शेजारी कोणंतरी बादली ठेवली, अन् पोट्टा माझ्या छातीले टेकून बसल्या बसल्याच झोपला. आडवा केला का उठते. म्हणून एका हातानं त्याले धरलं अन् दुसऱ्या हातानं पाटावर कागद ठेवून लिहून राह्यली. साखरेच्या पुड्याचा कागद हाये, चिकट हाये. अक्षर वाकडं आलं तर हासू नका. चौथीतून शाळा सुटली, त्याच्या पुढचं जे काय येते ते तुम्हीच शिकवलं.

नुसत्या खोकल्यापायी मी जागली नाही, बाबा. सूर्य वर आला का डागणारी बुढी येणार हाये. सासूनं काल तिले सांगावा धाडला. हे ट्रकवर गेलेत, कापसाच्या गाठी घेऊन, उद्यापर्यंत काही येत नाहीत. जाताना मले म्हणे, मायच्या मनासारखं होऊ दे. अन् काल चुलीपाशी भाकर थापता थापता सासू म्हणते, "बुढी विळ्याचं टोक लाल करते, पोटावर जरासा चटका देते, बस. लेकरू रडन, अन् संध्याकाळी खेळाले लागन."

मी म्हटलं, "आत्याबाई, नको ना. उमरखेडच्या दवाखान्यात नेऊ."

"दवाखान्यात! एकटी जाशीन काय? भेव नाही वाटत तुले?"

"नाही वाटत," मी म्हटलं.

"तर व्वा! हा रोग तुया बापाच्या घरचा हाये. आमच्यात कोणाले नव्हता. बापानं आडवी सतार वाजवली, नातवाची छाती वाजून राह्यली."

सासू वाईट नाही, बाबा. तिचं पहिलं लेकरू असंच धापा टाकत गेलं. तवा ती स्वतः तापानं खाटेवर पडली होती, डाग द्याले कोणी नव्हतं, म्हणून लेकरू गेलं असं तिच्या मनात बसलं ते बसलंच. काल हे सांगताना तिची भाकर तव्यावर करपली अन् तिले समजलंबी नाही. ती माझ्या पोट्ट्याले मारून नाही राह्यली, आपल्या पोट्ट्याले वाचवून राह्यली. म्हणूनच तिच्याशी भांडता येत नाही.

आडवी सतार म्हणाली ना ती, तर रागात असूनबी मले हासू आलं. आपल्या वणीत तिले गिटार म्हणणारा तुमच्याशिवाय कोण होता? तुम्ही जवानीत कामठीच्या छावणीत हमाली कराले गेलते, तिथल्या एका गोऱ्या ब्यांडवाल्यानं देशी जाताना तुमाले देल्ली. हमाली काही झेपली नाही, पण गिटार झेपली. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातात ती लोखंडी कांडी, उजव्या हाताच्या बोटाइत नख्या. कांडी तारेवरून घसरली का असा आवाज निघे का वाटे कोणी बाई रडते, का हासते, का दुरून हाक मारते. टुरिंग टाकीजच्या तंबूत खेळ सुरू व्हायच्या आधी तुम्ही वाजवत, अन् लोकं म्हणत का सिनेमा जरा उशिरा लावला तरी चालन. चौकात एकजण तुमाले विचारे, "काय गा मास्तर, सतार आजारी पडली काय? निजवून वाजवता!"

तुम्ही म्हणत, "सतार नाही गा, मी आजारी हाओ. तिले निजवलं अन् मी बसलो. दोघाइलेबी आराम."

अन् घरी तर मायची नक्कल. संध्याकाळी माय जेवाले बोलवे ना, "या वं पोट्टेहो, थंडं होते!" ते जसंच्या तसं तारेवर काढत तुम्ही. शेवटचं "होते" लांबवून, जरा चिडकं. भाऊ अन् मी धावत जाओ तर चुलीवर वरण अजून शिजूनच राह्यलेलं. माय आतून वरडे, "तुमाले कामधंदा नाही काय? माझा गळा मले ठेवा!" पण तोंडाले पदर लावून हासे. तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच साली माय गेली. तिचा आवाज आठवाले बसली का मले तिचा येत नाही, तुमच्या तारेचाच येते.

तुमचा दमा कापसाच्या दिवसात वाढे. अन् लग्नंबी त्याच दिवसात. एका मोठ्या घरचं लग्न होतं, जिनिंगच्या आवारात मांडव घातला होता, हवेत कापसाची भुरकी उडे. मी तुमच्या मागं उशी घेऊन बसलेली. टेकाले लागे तुमाले. तुम्ही नाचाची चाल धरली, पोट्टे उड्या माराले लागले, अन् मले तुमच्या मानेवरच्या शिरा दिसल्या. म्हटलं झालं, आता बंद पडते. पण तुम्ही बंद केलं नाही. तुम्ही ती चाल हळू केली. इतकी हळू का नाचणारे पोट्टे आधी अडखळले, मंग खाली बसले. कांडी वरून खाली यायची, तिच्याबरोबर तुमचा श्वास बाहेर जायचा. पुरा जायचा. मंग एवढासा आत यायचा, अन् पुन्हा कांडी. सनईवाला बुढा सनई मांडीवर ठेवून डोळे मिटून बसला. नवरीची मावशी पदरात तोंड घालून रडाले लागली, अजून तर अक्षताबी पडल्या नव्हत्या. सगळं झाल्यावर सनईवाल्यानं विचारलं, "मास्तर, ही चाल कोणाची?"

तुम्ही म्हटलं, "माझ्या दम्याची."

लोकं हासले. त्याइले वाटलं मास्तरानं मजाक केली. मले माहीत होतं का ती मजाक नव्हती.

घरी तुम्ही मले तेच शिकवलं. गिटार शिकवा म्हणून मी मागं लागली, तर तुम्ही सरकी काढलेल्या कापसाचा एवढासा बोंडा गिटारीच्या पाठीवर ठेवला. मले लाडानं बुढीच म्हणत तुम्ही. म्हटलं, "बुढे, हा इकून तिकडं ने. फुंकरीनं. एका दमात. पडू द्याचा नाही." मी जोरानं फू केलं, तर बोंडा उडून चुलीत. तुम्ही हासता हासता खोकलले, मंग म्हणे, "श्वास घेता सगळ्याइलेच येते. सोडता आला पाहिजे. तार उतरते तसा श्वास सोड." मी आठवडाभर बोंडा फुंकत बसली, अन् गिटार काही आली नाही मले. माझे बोटं जाडे. पण बोंडा मी टोकापासून टोकापर्यंत नेओ, तुमच्यापेक्षाबी हळू. तुमाले जवा जोराचा दम लागे, तवा मी तुमच्यासमोर बोंडा धरो. बोलता येत नसे तुमाले, नुसते डोळ्यानं मले सांगत का हो, धर.

रात्री तेच केलं, बाबा. गादीच्या फटीतून कापूस ओढला, पाटावर ठेवला. म्हटलं, राजा, ह्या सशाले घरी पोचवायचं हाये, पडू देशीन तर ससा रडन. तीन वर्साचं लेकरू, त्याले काय समजते? पण फुंकलं त्यानं. आधी अर्ध्यातच खोकलला. मंग मी तोंडानं तुमची तार काढली, वरून खाली, ऊंऊंऊं करत. मले गाता येत नाही, पण त्याले थोडंच माहीत हाये. त्यानं त्या सुरासंगं फुंकलं अन् ससा पोचला. "पुन्हा," म्हणे. छातीतली शिट्टी काही गेली नाही, पण तो कायच नाहीवाला भाग कमी झाला. कोणाचे आभार मानू म्हणाल तर तुमचेच. अन् त्या गोऱ्या ब्यांडवाल्याचे.

आता ज्यापायी तुमाले लिहाले बसली ते सांगते. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला ते साल आठवते काय? तुम्ही म्हणत, "पाह्य बुढे, रात्रीतून मुंबईले पोचलो, अन् तिकीटबी नाही लागलं." त्याच साली मले ताप आला. ताप जाईना, पोट फुगलं, डोळे वर गेले. आजीनं विळा चुलीत घातला. मले आठवते, मी खाटेवर पडून लाल टोक पाहून राह्यली अन् मले वाटून राह्यलं का ते लय सुंदर हाये. तुम्ही बाहेरून आले. दारातच उभे राह्यले. भांडले नाही, वरडले नाही, वरडाले तुमच्यापाशी श्वास कुठं होता. तुम्ही नुसता सदरा वर केला. पोटावर, छातीखाली, ते वण. कातडी चिरगुटावाणी गोळा झालेली.

"माय, हे पाह्य," तुम्ही म्हटलं. "हे तुयाच हातचे होत. कायले देल्ले होते?"

आजी म्हणे, "दम्यापायी."

"गेला काय?"

आजीनं विळा चुलीतून मागं ओढला. मंग बारीक आवाजात म्हणे, "तवा दुसरं काय होतं रे आमच्यापाशी?"

"नव्हतं. तुले दोष नाही देत मी. पण आता दवाखाना हाये ना."

अन् तुम्ही मले खांद्यावर घेतलं. दोन पायऱ्या चढून बसणारा माणूस तुम्ही. वणीचा पुरा बाजार ओलांडून दवाखाना. थोडं चाललं का तुम्ही थांबत, वाकत, म्हणत, "थांब हं बुढे, चपलीचा अंगठा निघाला." पुन्हा चालत, पुन्हा थांबत. "ही चप्पल म्हणजे ना!" मी तापात होती, तरी मले चपलीचा राग आला. मनात म्हटलं, बाबाले चांगली चप्पल घेऊन देल्ली पाहिजे. दवाखान्यात मले ठेवलं, सुया देल्ल्या, मी उठली. तुम्ही मात्र त्याच्यानंतर किती दिवस खाटेवरून उठले नाही.

तुमच्या माघारी ती चप्पल भावानं घातली. खाणीच्या हापिसात चपराशी लागला तवाबी तीच. वर्सानुवर्स वापरली. अंगठा एकदाबी निघाला नाही, बाबा.

माझ्या पोटावर आज बाळंतपणाच्या रेघा हायेत. चटक्याचा वण एकबी नाही. न्हाताना हात फिरते तवा मले रोज आठवते का हे पोट कोणं कोरं ठेवलं. तुम्ही जिवंत होते तवा हे म्हणाचं सुचलं नाही. मी तेराचौदाची होती, अन् तुम्ही थंडीत एका सकाळी गिटारीवर डोकं टेकून बसले ते बसलेच. माय म्हणे, हळू बोला, आत्ता लागला डोळा. आम्ही किती वेळ हळूच बोलत राह्यलो. लग्नात भावानं माझ्या ओटीत तुमची कांडी टाकली. सासरच्या बाया म्हणत, हे काय, मुसळाचं पोर काय? गिटार त्याच्याच घरी हाये, खुंटीले.

आता उजाडलं. सासू मागं न्हाणीत हाये, बंब पेटवून राह्यली. पहिली एसटी थोड्या वेळात चौकात येते. मी याच्या आधी एकटी गाडीत बसली नाही. लेकराले कुंची घातली, कांडी कमरेले खोसली. वाजवाले नाही. नुसती धराले. रस्त्यात मले थांबावं लागलं तर मीबी म्हणीन, थांब रे राजा, चपलीचा अंगठा निघाला.

एक सांगते, बाबा. हे खरं तर लेकराच्या बापाले लिहाले पाहिजे होतं. पण त्याइले लिहिलं असतं तर उत्तराची वाट पाहावी लागली असती. तुमचं उत्तर मले माहीत हाये. म्हणून तुमाले लिहिलं.

हा कागद तुमाले तर पोचत नाही. मी तो पाटाखाली ठेवून जाते. सासूले वाचता येत नाही, ती तो शेजारच्या मास्तरीणबाईपाशी नेईन, नाही तर आणखी कोणापाशी. तर जो कोणी वाचन त्याले हात जोडून सांगते, आत्याबाईले म्हणा का मी रागावून नाही गेली, संध्याकाळी त्यायचा नातू घेऊन येते. अन् पोस्टात जाऊन वणीच्या खाणीच्या हापिसात माझ्या भावाले फोन लावा. लागाले वेळ लागते, पण उठून जाऊ नका, फोन तोच उचलते. त्याले म्हणा, बहीण लेकराले घेऊन उमरखेडच्या दवाखान्यात गेली, एकटी गेली. काल तिनं सासूले सांगतलं का मले भेव नाही वाटत. ते खोटं होतं म्हणा. लवकर ये म्हणा.