कपाटातले हातमोजे

सर, आज तुमच्याबद्दल खरं सांगायची वेळ आली होती आणि मी ती घालवली. आमच्या सिंक्रोट्रॉनवरच्या सॉफ्ट एक्स-रे बीमलाइनचं, म्हणजे क्ष-किरण प्रयोगापर्यंत नेणाऱ्या नळीचं, नूतनीकरण चाललंय. सकाळी किरण फोडून वेगळे करणारं जुनं ग्रेटिंग काढून नवं बसवलं. तुमच्या प्रयोगशाळेत होतं तसंच, बारीक रेघांचं, फक्त कितीतरी पटींनी नाजूक. हे किरण साध्या हवेतही विरून जातात, म्हणून त्यांची सगळी वाट निर्वात ठेवावी लागते. आत बोटाचा एक ठसा राहिला तरी त्याचा तेलकटपणा महिनोन्‌महिने छळतो. म्हणून इथं सगळे हातमोजे घालतात, साहेब आले तरी घालतात. ‘सगळे’ हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय.

विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या दिवसांत कॉलेज दोन दिवस उघडं, चार दिवस बंद असायचं. आमची अख्खी वस्ती मोर्चात असायची आणि हजेरी घेताना माझ्या आडनावापाशी तुम्ही जरा थांबायचात. असंच एकदा कॉलेज उघडलं, मी स्पेक्ट्रोमीटरपाशी आले, आणि तुम्ही पांढरे सुती हातमोजे माझ्यापुढं ठेवलेत. “ग्रेटिंग नाजूक असतं. तू हे घालून काम करत जा.” माझ्या आधीचे दोघं उघड्या हातांनी प्रयोग करून गेले होते. मी ते पाहिलं होतं. तरी मला वाटलं, माझा हात चांगला म्हणून माझ्याकडून जास्त अपेक्षा असेल. किती खुळी होते मी! त्या हातमोज्यांत ग्रेटिंगची काच सरकायची, स्क्रू निसटायचा, म्हणून काच फक्त कडेनं धरायची आणि स्क्रू अलगद फिरवायचा, हे वर्षभरात अंगवळणी पडलं. शेवटच्या दिवशी तुम्ही म्हणालात, “घेऊन जा, तुझेच आहेत.” मी बक्षीस समजून घरी नेले.

माझे वडील, अण्णा, तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. त्यांनी हातमोजे उलटसुलट करून पाहिले.

“आमच्या खात्यात समद्यांना देत्यात. तुमच्यात समद्यांना देत्यात का?”

“नाय.”

“मंग लईच जपलं म्हनायचं तुला.”

ते हसले नाहीत. आई वाढून बसली होती, ते जेवले नाहीत. तेव्हा कुठं मला कळलं, तुम्हाला काळजी काचेची नव्हती, माझ्या शिवण्याची होती. त्यानंतर मी तुम्हाला कधी भेटले नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते, ते घालत राहिले.

आज नवं ग्रेटिंग मी बसवलं. ते कडेनं धरलेलं पाहून शेजारी उभी असलेली नवी सहकारी म्हणाली, “मॅडम, हात जरासुद्धा हलला नाही. कुणी शिकवलं?” हातमोज्यांचं सगळं तोंडाशी आलं होतं. “आमच्या सरांनी,” एवढंच म्हणाले, आणि तुमचं पूर्ण नाव सांगितलं. ती म्हणाली, नशीबवान आहात. मी हो म्हणाले.

हातमोजे अजून माझ्या कपाटात आहेत, हे पत्रही तिथंच ठेवीन. अण्णा आज असते तरी त्यांना हे सांगायची माझी हिंमत झाली नसती, तुम्हाला सांगते: तुमचं नाव घेताना मला अभिमान वाटला.