दादा काय टाइप करेल

९ जाने. २०१७, सोमवार

नेट गच्चीवरच मिळतं, म्हणून खाट वर नेली. अंगावर शाल, मांडीवर लॅपटॉप, कानात पुण्याच्या मॅडम. सर्च इंजिन मार्केटिंगचा ऑनलाइन कोर्स सुरू होऊन महिना झाला. आजचा धडा कीवर्डचा. गिऱ्हाईक काय विकत घेतं ते नंतर, आधी ते सर्चमध्ये काय टाइप करतं ते ओळखा. तुमचा शब्द नाही, त्याच्या बोटातून येणारा शब्द. त्या शब्दावर आपली जाहिरात लावायची.

प्रत्येकानं एक खरा धंदा घ्यायचा आहे. मला गोंदियाचं लग्नाचं लॉन मिळालं, मामाच्या ओळखीनं. सेठ फोनवर म्हणाले, बेटा, सीझन निकल जाएगा, जल्दी करना.  मी आजवर कोणाचं काही विकलं नाही.

क्लास संपला तरी वरच बसून राहिले. एकच गोष्ट डोक्यात. दादा काय टाइप करत असेल.

११ जाने.

असाइनमेंट : आपल्या गिऱ्हाइकाचं वर्णन लिहा. लॉनच्या गिऱ्हाइकाचं लिहायला बसले आणि हे लिहिलं गेलं :

नीलेश. वय तीस. बारावी, आयटीआय अर्धं. पोलीस भरतीत तीनदा पडला. तिसऱ्या वेळी बाबा पाहुण्यांसमोर म्हणाले, याच्यानं काही होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं गेला, फोन फळीवर ठेवून. २०१३ चा पावसाळा होता. पोलीस ठाण्यात सांगितलं, ते म्हणाले सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं गेला. नंतर कोणी म्हणालं रायपूरला दिसला, कोणी म्हणालं तो नव्हेच.

पुढचे रकाने भरता आले नाहीत. मोबाइल कोणता. मराठीत टाइप करतो की इंग्रजीत. फुरसत कधी मिळते. कशाची काळजी करतो.

सख्खा भाऊ आहे. एका ताटात जेवलोय. काहीच माहीत नाही.

मग लॉनच्या गिऱ्हाइकाचं लिहून पाठवलं.

१६ जाने.

केलं. कोर्सवाल्यांनी सरावाला जाहिरातीच्या पैशांचं जे कूपन दिलं त्यातून लॉनचं कॅम्पेन, आणि त्याच खात्यात दुसरं, नाव फक्त 'सराव २'. एक फुकटचं पान बनवलं. त्यावर दादाचा फोटो (मावशीच्या लग्नातला, बाकीचे कापून), माझा नंबर. जाहिरात :

नीलेश, आम्ही अर्जुनीलाच आहोत
आई वाट पाहते. बाबा रागावलेले नाहीत. फोन कर.

पहिला कीवर्ड त्याचं पूर्ण नाव. बटण दाबलं.

१७ जाने.

त्याच्या नावापुढे करड्या अक्षरांत लिहून आलं : शोध फार कमी, जाहिरात दाखवली जाणार नाही.

म्हणजे हे नाव कोणी शोधतच नाही. यंत्राचा नियम आहे, माहीत आहे. तरी वाचून रडायला आलं. आई म्हणाली डोळे काऊन लाल. म्हटलं स्क्रीन.

१९ जाने.

नाव नाही, तर मग काय. घर सोडून गेलेला माणूस स्वतःचं नाव कशाला शोधेल. पण गावाचं काहीतरी शोधत असेल. निदान एखाद्या सणाला. गाड्यांची वेळ पाहत असेल, यायचं नसलं तरी. मीच नागपूरला हॉस्टेलवर होते तेव्हा उगाच पॅसेंजरची वेळ पाहायचे.

कीवर्ड : अर्जुनी मोरगाव. अर्जुनी गोंदिया पॅसेंजर. नवेगावबांध. मराठीत, इंग्रजीत, चुकीच्या स्पेलिंगनं सुद्धा. आमच्या जिल्ह्याबाहेर सगळीकडे दाखव, असं सेट केलं.

लॉनचं अजून अर्धं बाकी. सेठचे दोन मिस्ड कॉल.

२३ जाने.

क्लिक आले! धावत गच्चीवर. कोणी काय टाइप करून आलं त्याचा रिपोर्ट उघडला. नवेगावबांध रिसॉर्ट. नवेगाव वाघ सफारी. पक्षी कधी दिसतात. नागपूर-पुण्याची फिरायला येणारी माणसं, चुकून दादाच्या फोटोवर येऊन परत गेलेली. प्रत्येक क्लिकचे पैसे कापले जातात, कूपन असंच उडेल.

नको असलेले शब्द 'निगेटिव्ह' मध्ये टाकायचे, मग त्यांना जाहिरात दिसत नाही. रिसॉर्ट, सफारी, वाघ, पक्षी टाकले. मग 'भरती' वर येऊन थांबले. अर्जुनी पोलीस भरती, गोंदिया भरती, ढीगभर क्लिक. सगळी पोरंच असतील विशी-बाविशीची. पण दादा अजूनही पाहत असला तर?

नाही टाकला. कूपन गेलं तर जाऊ दे.

२७ जाने.

फोन आला, हिंदीत. नीलेश हमारे साथ काम करता है, बीमार है, रिचार्ज मार दो तो बात करवा देता हूँ.  जिन्यात बसले. विचारलं, उसके कान के पीछे क्या है? म्हणाला, तिल. दादाच्या कानामागे काही नाही. मी फोन ठेवला. नंतर वाटलं, एवढ्या वर्षांत आला असेल तीळ. असं कधी होतं का? मग मीच परत लावला, तर बंद.

घरात कोणाला सांगितलं नाही.

१ फेब्रु., बुधवार

आज क्लासमध्ये फजिती. मॅडमनी माझं खातं सगळ्यांसमोर उघडलं, लॉनच्या जाहिरातीसाठी. स्क्रीनवर 'सराव २'. हे काय, म्हणाल्या, आणि उघडलं. दादाचा चेहरा सगळ्या वर्गाच्या स्क्रीनवर.  मॅडमनी बंद केलं.

नंतर मला एकटीला फोन. मला वाटलं कोर्समधून काढणार. त्या शांतपणे म्हणाल्या की काम व्यवस्थित केलंय, निगेटिव्ह छान लावलेत. मग म्हणाल्या, "पण त्याला सापडायचं नसेल तर? तुझा फोटो कोणी असा लावला असता तर?"

 हो मॅडम, एवढंच म्हटलं.

२ फेब्रु.

फोटो काढला. नाव ठेवलं. मग नावही काढलं, मग परत ठेवलं.

त्याला सापडायचं नसेल तर. हे आधी डोक्यात आलंच नव्हतं.

८ फेब्रु.

सेठच्या लॉनला चौकशीचे फोन येऊन राहिले. सेठ खूश, कहा था ना जल्दी करना. त्यांचं काम जमलं याचा आनंद व्हायला पाहिजे. जेवताना हात सारखा मोबाइलकडे.

११ फेब्रु., शनिवार

बाबांना कळलं.

स्टँडवर त्यांच्या जुन्या ओळखीच्या कंडक्टरकाकांचा मुलगा भिलाईहून आलाय. तिकडे गाडीची वेळ पाहताना त्याला जाहिरात दिसली. त्यानं ती कौतुकानं बाबांना दाखवली, चार लोकांत.

बाबा दुपारी घरी आले. चप्पल काढली, पाणी प्यायले, मला म्हणाले दाखव. मी लॅपटॉप आणला. बाबा एसटीवर ड्रायव्हर होते, रस्त्याच्या पाट्या लांबून वाचायचे. ही एवढीशी ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. आई भिंतीला टेकून उभी.

"मी रागावलो नाही, हे तुले कोनं सांगतलं?"

मी म्हटलं, "मग रागावलेले आहेत असं लिहू?"

बाबा उठून बाहेर गेले. आई म्हणाली, "मले काऊन नाही सांगतलं? मी काय परकी हावो?" ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

१२ फेब्रु.

जाहिरात थांबवून ठेवली. बाबांच्या नावानं मी कोण लिहिणारी. आईला विहारात बायकांनी विचारलं म्हणे, पोरगा सापडला का. ती अर्ध्यातूनच घरी आली.

१५ फेब्रु.

सकाळी दात घासताना बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, ते वाक्य काढ. म्हटलं, काढलंच आहे, सगळंच बंद आहे. म्हणाले, सगळं बंद कायले केलं? त्याच्या जागी लिही, बाबा आता घरीच राहतात.

मी थांबले. वाटलं अजून काही सांगतील. त्यांनी चूळ भरली आणि आत गेले.

दोन वर्षं झाली रिटायर होऊन, हे दादाला माहीत नाही, खरं आहे. पण हे वाचून त्यानं काय समजायचं? ये, मी आहे? की येऊ नको, मी आहे? आई म्हणते, हे वाचून येणारा पोरगाही नाही येणार. बाबांना विचारायची माझी हिंमत नाही.

तसंच लिहिलं. जाहिरात सुरू केली.

२२ फेब्रु.

परीक्षा पास. सर्टिफिकेट ईमेलवर आलं. मॅडमनी नागपूरच्या एका एजन्सीला माझं नाव दिलंय, पुढच्या आठवड्यात ते ऑनलाइन मुलाखत घेतील. तिथे राहावं लागेल. आईनं ऐकलं, भाजी चिरत राहिली. "तू बी जाशीन," एवढंच म्हणाली. मी म्हटलं फोन घेऊन जाईन ना. चुकीचं बोलले.

कूपन संपत आलंय. क्लिकमागे द्यायचे भाव कमी करून ठेवले, म्हणजे जाहिरात कमी दिसेल पण पुरेल. कमी दिसेल त्यातच तो असला तर. असा विचार केला की झालंच.

१ मार्च, बुधवार

मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, आतापर्यंतचं सगळ्यात अवघड कॅम्पेन कोणतं? मी लॉनचं सांगितलं.

४ मार्च



सकाळी सवयीनं रिपोर्ट उघडला. एक क्लिक. शहर वापी, गुजरात. टाइप केलेलं, इंग्रजी अक्षरांत : सुखदेव ड्रायव्हर अर्जुनी मोरगाव.

सुखदेव म्हणजे बाबा. हा कीवर्ड मी लावलेलाच नाही. 'अर्जुनी मोरगाव' होता म्हणून जाहिरात लागली. बाबांचं नाव सर्चमध्ये कोण टाकेल? ते कोणी पुढारी नाहीत. हयात आहेत का, एवढंच पाहायचं असेल कोणाला?

फोन आला नाही. संध्याकाळपर्यंत मोबाइल पदराला बांधल्यासारखा जवळ. लॉनवाल्या सेठचाच आला, दचकून पडलाच हातातून.

५ मार्च

सांगून टाकलं दोघांना. आईनं लगेच पिशवी काढली, वापीला कोणती गाडी जाते. बाबा म्हणाले, एवढं मोठं गाव, कारखान्यांचं, कोनाच्या दारात जाशीन? बाबांच्या बरोबरीचा कोणी गुजरातेत गेलेला असू शकतो, मीच म्हटलं. दोघंही माझ्याकडे असं पाहायला लागले की वाटलं, गप्प बसायला पाहिजे होतं.

मग बाबांनी विचारलं, "किती वेळ वाचत होता?"

पान किती वेळ उघडं होतं ते पाहिलं. शून्य. बाबांचा चेहरा उतरला. मी घाईनं समजावलं. शून्य म्हणजे वाचलं नाही असं नाही. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं तरच मधला वेळ मोजला जातो. आपलं पान एकच आहे. तो आला आणि तिथूनच परत गेला तर क्षणभर थांबला की तासभर, यंत्राला कळत नाही, तिथे शून्यच पडतं. हे कोर्समध्ये शिकवलंय, परीक्षेत प्रश्नही होता.

बाबा ऐकत होते. म्हणाले, मग दुसरं पान कर.

करता येतं, म्हटलं. इथे खाली एक ओळ टाकायची, पुढे वाचा, ती दाबली की दुसरं पान उघडतं. पण त्यावर काय लिहायचं?

९ मार्च

नागपूरहून होकार आला. एप्रिलपासून. अजून हो म्हटलं नाही.

दुसरं पान तयार आहे, कोरं. 'पुढे वाचा' ही ओळ टाकून ठेवलीय, चालू केली नाही. बाबा रोज चहानंतर गच्चीवर येतात. खाटेवर माझ्या बाजूला बसतात, लॅपटॉप त्यांच्याकडे वळवायला सांगतात. आज म्हणाले, "लिही. नीलेश." मी लिहिलं.  खालून आई विचारत होती चहा अजून पाहिजे का.

बाबा स्क्रीनकडे बघत म्हणाले, "राहू दे. उद्या सांगतो."

नाव तेवढं ठेवलं आहे पानावर. पुसलं नाही.