तेलावरची नक्षी

मॅडम, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आज वर्गात मी पुन्हा तेल तापवलं. जाड बुडाच्या ताटलीत शेंगदाणा तेलाचा पातळ थर, त्यात रंगाच्या दुकानातून आणलेली रुपेरी पूड, खाली मंद आच. बराच वेळ काही होत नाही. उष्णता गुपचूप खालून वर जात राहते, तेल जागचं हलत नाही. मग आच एका मर्यादेपलीकडे गेली की सगळं तेल एकदम कामाला लागतं आणि ताटलीभर षटकोनी घरं उमटतात, मधाच्या पोळ्यासारखी. प्रत्येक घराच्या मधोमध तेल वर येतं, कडांनी खाली उतरतं. मुलं मोबाईल काढतात. मला तुमचा तो शनिवार आठवतो.

आमचं कॉलेजचं दुसरं वर्ष संपत आलं होतं आणि पुढच्या वर्षासाठी एकच विषय निवडायचा होता. फिजिक्सला ठरलेली संख्या भरली नाही तर वर्ग निघणार नव्हता, आणि एक जण कमी पडत होता. मी केमिस्ट्रीचा फॉर्म भरून ठेवलेला. दादांचं म्हणणं, केमिस्ट्री केली की नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कंपनीच्या लॅबमध्ये तरी चिकटता येतं, फिजिक्स शिकून काय घरोघरचे फ्यूज बदलणार? वडिलांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. वर्ग निघाला नसता तर संस्था तुम्हाला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पार खर्ड्याकडे पाठवणार होती, हे मला पुष्कळ नंतर शिपाईमामांकडून कळलं. तुम्ही आम्हाला त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही, कुणाला गळ घातली नाही. शनिवारी तास संपल्यावर ज्याला यायचं त्याने यावं, एक गंमत दाखवते, एवढंच म्हणालात.

प्रयोगशाळेतलं ते टेबल उतरतं आहे. तेल एका बाजूला गोळा होतंय, नक्षी काही येत नाही. तुम्ही स्टँडच्या पायाखाली कागदाची घडी सारता, खाली वाकून डोळा ताटलीच्या पातळीला आणता, पंखा बंद करायला सांगता, पुन्हा वाकता. चिडत नाही, घाईही करत नाही. खाली जीपचा हॉर्न वाजतोय, कारण आम्ही डोंगराकडच्या पोरी वर अडकलोय आणि आमच्याशिवाय जीप भरत नाही. शेवटी ड्रायव्हरकाका स्वतःच जिना चढून येतात.

"मॅडम, सोडा की पोरींना. शिटा भरल्याबिगर आमची गाडी हलत न्हाई."

"माझीही नाही," तुम्ही मान वर न करता म्हणता. "एकच सीट राहिलीय. थांबा जरा."

काका थांबतात कसले, गर्दीतून वाट काढत पुढे येऊन ताटलीवरच वाकतात. आणि नेमकी तेव्हाच नक्षी येते. कुणीतरी "आली, आली" म्हणतं.

"ही कुनी काढली?" काकांचा पहिला प्रश्न.

कुणीच नाही, तुम्ही सांगता. इथे मुकादम नाही. प्रत्येक थेंबाला फक्त शेजारचा थेंब ठाऊक असतो, आणि तरी एवढं सगळं मिळून जमतं.

"मग सहाच कोपरे का? चार का न्हाईत?"

तुम्ही ताटलीवरून मान वर करता. "ते मला नीट माहीत नाही."

"आता तुमालाच माहीत न्हाई, मग पोरांना शिकवता काय?"

"हेच," तुम्ही म्हणता.

सगळे हसले, तुम्हीही. माझ्या ओळखीतलं प्रत्येक मोठं माणूस तोवर उत्तर देऊनच बोलणं संपवायचं. माहीत नाही असं म्हणताना कुणाचे डोळे असे चमकलेले मी पाहिले नव्हते. जिन्यातून उतरताना तुम्ही आमच्या मागोमाग येत बोलतच होतात. गार झालेला चहा समतोलात असतो, त्याचं पुढे काही व्हायचं राहिलेलं नसतं. ही घरं मात्र खालून ऊब येत राहते आणि वरून जात राहते म्हणून उभी असतात. आच काढली की मोडतात, फार वाढवली तरी मोडतात. आम्हा पोरींना किती आच द्यायची हे तुम्हाला फार चांगलं कळत होतं, असं आता वाटतं. सहा कोपऱ्यांचंही आता पुष्कळ कळलंय. इतक्या पातळ थरात मुख्य काम तेलाच्या पृष्ठभागाचा ताण करतो. ते ऐकून तुम्ही दुसरा चहा मागवला असता आणि पुढचा प्रश्न काढला असता.

सोमवारी मी फॉर्म बदलला. दादा काही दिवस माझ्याशी आईमार्फत बोलले. वर्ग निघाला, तुम्ही राहिलात, आणि पुढे मीही शिकवायला लागले. फिजिक्सकडे कशी वळलीस असं कुणी विचारलं की मी सांगते, एका शनिवारी तेलात षटकोनी घरं पाहिली आणि मनच बदललं. मुलांना ही गोष्ट फार आवडते, आजही सांगितली. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून फक्त तुम्हाला सांगते. त्या दिवशी काकांची पाठ आड आली होती. मला ताटली दिसलीच नाही. माझ्या जागेवरून फक्त तुमचा चेहरा दिसत होता.