पाळणा होम स्ट्रेचमध्ये

३ मार्च
जावयाकडून एक झकास शब्द मिळाला. होम स्ट्रेच. घोड्यांच्या शर्यतीतला शेवटचा सरळ पट्टा. लेकीला आठवा लागलाय, तर म्हणाला, बाबा, आम्ही आता होम स्ट्रेचमध्ये. मी म्हटलं, माझा पाळणाही!

पाळणा मुळात लेकीसाठीच सुरू केला होता. मध्ये जरा राहून गेला. फायदाच झाला, लाकूड मस्त मुरलंय. आता तळ, एक कठडा, पॉलिश. किरकोळ.

९ मार्च
रंधा बोथट. बोथट हत्याराने नातवंडाचा पाळणा करायचा नाही, हे माझं तत्त्व. धारवाल्याचं दुकान बंद. दिवस फुकट नाही गेला, पॉलिशची शेड ठरवली.

बायकोला सांगितलं, होम स्ट्रेच. म्हणाली, घोडा अजून तबेल्यातच दिसतोय.

२ एप्रिल
शब्द ऑफिसातही चालतो. साहेबांनी रिपोर्ट विचारला. होम स्ट्रेच म्हटलं, खूश! आजवर 'होतच आलंय' म्हणायचो, तर लोक तारीख विचारायचे.

१८ एप्रिल, सकाळी
नात झाली! दोघी सुखरूप. मी चक्क रडलो.
पण चांगली दहा दिवस आधी आली. माझं सगळं प्लॅनिंग कोलमडलं.

२३ एप्रिल
कठडा बसवला. उलटा.

२४ एप्रिल
लेक-जावई वरच्याच मजल्यावर, त्यामुळे नात दिवसभर आमच्याकडे. बायकोने तिला कपड्यांच्या टोपलीत दुलई घालून निजवलं. म्हटलं, तात्पुरतं ठीक आहे.

१० सप्टेंबर
तळाची फळी कापली. माप बरोबर होतं, फळी आखूड निघाली. नात टोपलीत पडल्या पडल्या हसत होती. तिला तरी विश्वास आहे.

११ मे, पुढचं वर्ष
पाळणा झाला! पॉलिशसकट! हॉलमध्ये मांडून सगळ्यांना हाका मारल्या. नात कठड्याला धरून उभी राहिली. मग हात सोडले आणि डुगडुगत चार पावलं थेट माझ्याकडे. आयुष्यातली पहिली. शेवटचा सरळ पट्टा कसा धावतात, ते आज बघितलं.

उचलून पाळण्यात निजवलं. पाय बाहेर आले.

बायको काहीतरी बोलेल म्हणून थांबलो. तिने दोरीवरचे कपडे काढून आणले आणि घड्या करून पाळण्यात ठेवायला लागली. टोपलीत नातीची खेळणी असतात ना आता.

फार वाईट वाटलं.
कपडे मात्र अगदी बरोबर मावले.