माझ्या नावाचा मासा

२ जुलै १९७३
लायब्ररियन गोपाळराव विद्येचा शत्रू आहे. माशांच्या वर्गीकरणाचा तो जाडा इंग्रजी ग्रंथ घरी देत नाही. म्हणे, रेफरन्स बुक आहे, आणि डेमॉन्स्ट्रेटरला तर मुळीच नाही! ठीक. मीच मराठीत त्याहून जाडा ग्रंथ लिहितो. दिवाळीच्या आत.

५ जुलै, सकाळी
प्रस्तावना पूर्ण. गोपाळरावाचे आभार मुद्दाम मानलेले नाहीत.

१६ जुलै
नमुन्यांसाठी बुधवार बाजारात गेलो. (मी शाकाहारी. नाकाला रुमाल.) देवकी मासेवालीच्या घमेल्यात बोटाएवढा जिवंत मासा, अंगावर नारिंगी पट्टा! आजवर कुठे वाचलेला नाही. नवी जात!! देवकी म्हणाली, "मरळीचं पिल्लू आहे जी ते. मोठं झालं का पट्टा जाते." डोकं भडकलं. एम.एस्सी. मी झालो की ही?

१७ जुलै
माशाला माझं नाव द्यायचं. मधुसूदनचं लॅटिन करून ठेवलं. हेडना सांगितलं तर हसले. मत्सर, दुसरं काय! कलकत्त्याला मत्स्यतज्ज्ञ डॉ. लाहिरींना पत्र टाकलं. मासा न्हाणीत बादलीत आहे. बायको यमू विचारते, आता अंघोळ काय माशासोबत करू? विज्ञानाला पहिला विरोध घरातूनच होतो.

९ ऑगस्ट
मासा वाढतोय. पट्टा फिका. यमूच्या साबणाचा परिणाम! तिला चांगलं खडसावलं. तीन दिवस बोलत नाही. एकाग्रता वाढली आहे.
ग्रंथाची प्रगती: प्रस्तावना पुन्हा लिहिली.

२७ ऑगस्ट
पट्टा साफ गायब. मासा कोणीतरी बदलला. संशय गोपाळरावावर.

३१ ऑगस्ट
लाहिरी परीक्षेच्या कामासाठी आले. बादली रिक्षातून कॉलेजात नेली. त्यांनी वाकून पाहिलं. म्हणाले, ही साधी मरळ. पिल्लू असताना नारिंगी असते. गोपाळरावानं धावत जाऊन तो ग्रंथ आणला, पान काढून दिलं. नालायक! मग लाहिरींनी विचारलं, बाजारात कोणी ओळखली नाही? हेडसमोर खोटं बोलवेना.
लगेच देवकीकडे जायचं म्हणाले. तिथे जमिनीवर उकिडवे बसले. कुठल्या तळ्यात पिल्लं, कधी, नर राखतो की मादी? ती सांगत होती, ते वहीत उतरवत होते. सव्वा तास. त्यांची बॅग माझ्या हातात. मध्ये एकदाच माझ्याकडे वळले. म्हणाले, जरा बाजूला व्हा, बाईंचा उजेड अडतोय.
झालो.